हार्ड डिस्कची तपासणी आणि 'लो लेव्हल'चा भरवसा

१९८० मध्ये बाजारात आलेली सीगेटची एसटी-५०६ ही सव्वापाच इंची हार्ड डिस्क ५ मेगाबाइटची होती. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोच तेवढी जागा खातो. तीन वर्षांनी आयबीएमने पीसी एक्सटी आणला, त्यात १० मेगाबाइटची डिस्क होती. त्या काळच्या डिस्क आज कुणी वापरत नाही, पण त्यांच्याभोवती तयार झालेली एक समजूत चाळीस वर्षांनंतरही जिवंत आहे: डिस्कवर बॅड सेक्टर आले की 'लो लेव्हल फॉरमॅट' मारावा, डिस्क नव्यासारखी होते. ही समजूत एकेकाळी खरी होती, म्हणूनच ती इतकी चिवट आहे.

त्या पिढीत डिस्क आणि तिचा कंट्रोलर वेगवेगळे विकत घ्यावे लागत. बाहेरून आणलेली डिस्क कंट्रोलर कार्डाला जोडली की तबकडीवर चुंबकीय थराखेरीज काहीच नसे. कोणता ट्रॅक कुठे, त्यातला कितवा सेक्टर कुठून सुरू होतो, याच्या खुणा कंट्रोलरने लिहायच्या. कोऱ्या वहीवर आधी रेघा आखाव्यात आणि मग लिहायला बसावे, तसे हे काम होते. त्यालाच लो लेव्हल फॉरमॅट म्हणत. डॉसमधला डीबग हा प्रोग्रॅम उघडून 'जी इक्वल्स सी ८०० कोलन ५' असे टाइप केले की अनेक कार्डांवरचा फॉरमॅटचा प्रोग्रॅम सुरू होई. कारखान्यातच सापडलेल्या खराब जागांची यादी डिस्कच्या लेबलवर छापलेली असे आणि ती हाताने भरावी लागे.

या डिस्कचे हेड स्टेपर मोटरने हलत असे. मोटर ठरावीक पावले मोजून हेड नेऊन ठेवी. ते खरोखर ट्रॅकच्या मधोमध आहे की नाही हे तपासण्याची सोयच नव्हती. धातू तापला की प्रसरण पावतो, वर्ष-दोन वर्षांत यंत्रही झिजते. मग पूर्वी लिहिलेल्या खुणा एकीकडे आणि हेड जरासे दुसरीकडे, अशी स्थिती येई आणि 'सेक्टर नॉट फाउंड' दिसू लागे. पुन्हा लो लेव्हल केले की खुणा हेडच्या आताच्या जागेवर नव्याने लिहिल्या जात आणि डिस्क खरोखरच सुधारे. जाणकार मंडळी डिस्क आधी चांगली तापू देत आणि ती ज्या स्थितीत बसवायची, आडवी की उभी, त्याच स्थितीत ठेवून फॉरमॅट करत. स्टीव्ह गिब्सन यांचे स्पिनराइट त्या दशकाच्या अखेरीस गाजले ते यामुळेच. एकेक ट्रॅक वाचून बाजूला ठेवायचा, खुणा नव्याने लिहायच्या आणि डेटा परत जागेवर ठेवायचा, असे ते काम करी. सेक्टरांचे क्रमांक किती अंतराने टाकले तर कंट्रोलरला पेलतील, म्हणजे इंटरलीव्ह किती असावा, हेही ते मोजून देई. डिस्क मिनिटाला ३६०० फेरे घेई. पुढचा सेक्टर हेडखालून निसटला की तो परत येईपर्यंत एक पूर्ण फेरा, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद, वाया जात. इंटरलीव्ह बरोबर जमला की तीच डिस्क कित्येक पट वेगाने चाले.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या कामातून आयडीई आली आणि कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवरच्या सर्किटवर जाऊन बसला. पाठोपाठ स्टेपर मोटरही गेली. तिच्या जागी व्हॉइस कॉइल आली, आणि तबकडीवरच प्रत्येक फेऱ्यात ठिकठिकाणी 'सर्व्हो' खुणा आल्या. हेड त्या सतत वाचते आणि स्वतःला ट्रॅकवर धरून ठेवते. आज एका इंचात काही लाख ट्रॅक मावतात आणि हेड तबकडीपासून मोजक्या नॅनोमीटरवर तरंगते, ते या खुणांच्या आधारावर. या खुणा कारखान्यातच लिहिल्या जातात. आपल्या घरच्या संगणकावरून दिलेला कोणताही नेहमीचा आदेश तिथे पोहोचत नाही, आणि पोहोचला असता तर डिस्क कायमची निकामी झाली असती. शक्तिशाली चुंबकाने पुसलेली, म्हणजे डीगॉस केलेली हार्ड डिस्क पुन्हा वापरता येत नाही, कारण डेटाबरोबर सर्व्होही पुसला जातो.

१९९० च्या दशकात अनेक बायोसमध्ये 'हार्ड डिस्क लो लेव्हल फॉरमॅट' असा पर्याय मेनूत तसाच राहिला होता. सुरुवातीच्या काही आयडीई डिस्क त्याने बिघडल्याही. नंतरच्या डिस्क तो आदेश मुकाट्याने गिळून टाकू लागल्या किंवा नुसते शून्य लिहू लागल्या. आज इंटरनेटवरून उतरवलेल्या एखाद्या प्रोग्रॅमवर 'लो लेव्हल' असे ठळक लिहिलेले असले, तरी साध्या साटा डिस्कवर तो करतो ते एवढेच: पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्य लिहीत जाणे. याला 'झीरो फिल' म्हणावे. विंडोज व्हिस्टापासून विंडोजचा पूर्ण फॉरमॅटही त्या पार्टिशनवर शून्येच लिहितो. एक्सपीपर्यंत तो फक्त वाचून पाहत असे, हा फरक पुष्कळांच्या ध्यानात आलेला नाही.

मग झीरो फिलनंतर बॅड सेक्टर गायब होतात, हे कसे? या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

प्रत्येक सेक्टरसोबत चूक सुधारण्याचा एक सांकेतिक भाग लिहिलेला असतो. वाचताना काही बिट चुकले तर डिस्क त्यावरून ते दुरुस्त करते. हे दिवसभर, सतत चालू असते. दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली तर डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करते आणि शेवटी हात टेकते. अशा वेळी त्या सेक्टरची नोंद 'पेंडिंग' म्हणून होते. डिस्क स्वतःविषयी जी 'स्मार्ट' नावाची नोंदवही ठेवते, तिच्या तक्त्यात हा १९७ वा आकडा. डिस्क तो सेक्टर लगेच बदलत नाही, कारण आतला डेटा तिला वाचता आलेला नाही आणि चुकीचा डेटा खरा म्हणून देणे तिला परवडणारे नाही. ती वाट पाहते, कुणीतरी तिथे नवे काही लिहील याची. झीरो फिलमध्ये नेमके तेच होते. डिस्क त्या जागी लिहिते आणि वाचून पाहते. नीट वाचता आले तर सेक्टर चांगला ठरतो आणि पेंडिंगमधून त्याचे नाव निघते. नाहीच वाचता आले तर राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याचा पत्ता घेतो आणि ५ वा आकडा, म्हणजे रिअॅलोकेटेड सेक्टरांची संख्या, एकाने वाढतो.

म्हणजे वरवर सारखे दिसणारे दोन बॅड सेक्टर मुळात अगदी वेगळे असू शकतात. लिहिता लिहिता वीज गेली, कुणाचा तरी टेबलाला धक्का बसला, आणि अर्धवट लिहिलेल्या सेक्टरचा हिशेब जुळेनासा झाला. इथे तबकडीला काहीही झालेले नसते, झीरो फिलने प्रश्न कायमचा मिटतो आणि ती डिस्क पुढे वर्षानुवर्षे चालू शकते. उलट तबकडीवर ओरखडा असेल तर तिथून निघालेला कण फिरत राहतो, हेडखाली येतो आणि नवे ओरखडे पाडतो. अशा डिस्कवरही झीरो फिल यशस्वी होतो, तक्ता स्वच्छ दिसतो, आणि नुकसान आत चालूच राहते. दोन्हींमधला फरक एका रात्रीत कळत नाही. झीरो फिल करावा, लगेच विस्तृत तपासणी चालवावी, डिस्क काही आठवडे बिनमहत्त्वाच्या कामाला लावावी आणि पुन्हा तक्ता बघावा. ५ वा आकडा आहे तिथेच थांबला असेल तर डिस्क ठेवण्याचा विचार करता येतो. तो वाढत असेल तर ती डिस्क बाद. इथे दयामाया दाखवू नये.

स्मार्ट ही नोंदवही डिस्कच्या आत १९९० च्या दशकात आली. आयबीएम आणि कॉम्पॅक यांचे त्याआधीचे प्रयत्न तिच्या मुळाशी आहेत. ती वाचायला विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही मोफत साधने पुरेशी आहेत. वाचता येणे मात्र महत्त्वाचे. वर ठळक अक्षरात येणाऱ्या 'पास्ड' किंवा 'गुड' या शेऱ्यावर मी कधीही विसंबत नाही, कारण कंपन्यांनी ठरवलेल्या मर्यादा इतक्या सैल असतात की डिस्क पुरती ढासळेपर्यंत शेरा बदलत नाही. खालचे मूळ आकडे पाहावेत: ५, १८७, १८८, १९७, १९८. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या हजारो डिस्कची आकडेवारी अनेक वर्षे जाहीर करते आहे, तीही याच पाच आकड्यांवर लक्ष ठेवते. उलट काही आकडे उगाच घाबरवतात. सीगेटच्या डिस्कवर 'रॉ रीड एरर रेट' कोटींच्या घरात दिसतो, कारण त्यात चुकांबरोबर एकूण वाचनांची मोजणीही गुंफलेली असते. १९९ वा आकडा केबलमधल्या चुकांचा. तो वाढत असेल तर दहापैकी नऊ वेळा साटा केबल बदलावी, डिस्क नव्हे. आणि केबल बदलल्यावरही जुना आकडा शून्यावर येत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. हे न कळल्यामुळे कितीतरी चांगल्या डिस्क भंगारात गेल्या असतील.

या आकड्यांवरून भविष्य कितपत कळते, याची सर्वांत महत्त्वाची तपासणी २००७ मध्ये झाली. गूगलच्या पिनेरो, वेबर आणि बरोसो यांनी आपल्या केंद्रांमधल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास एका परिषदेत मांडला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. पहिला सेक्टर बदलला गेल्यानंतर १४ पट. हे वाचले की तपासणीवर विश्वास बसतो. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा त्याला लगाम घालतो: निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कवर अभ्यासात धरलेल्या चार मुख्य लक्षणांपैकी एकही नोंदलेले नव्हते. उष्णतेने डिस्क मरतात हा समजही त्या अभ्यासाने सैल केला. तापमान फार वर गेल्याखेरीज तसा संबंध त्यांना दिसला नाही. त्याच परिषदेत बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवले, की माहितीपत्रकातल्या दहा ते पंधरा लाख तासांच्या दाव्यावरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्यात, प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास बदलाव्या लागतात आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. पुढे २०१६ मध्ये बॅकब्लेझने सांगितले, की त्यांच्या निकामी डिस्कपैकी ७६.७ टक्क्यांनी पाचांपैकी एका तरी आकड्यातून इशारा दिला होता. चालू डिस्कपैकी ४.२ टक्केही तसाच इशारा देत होत्या.

गूगलच्या आणि बॅकब्लेझच्या आकड्यांत तफावत आहे, कारण पाहिलेली लक्षणे आणि डिस्कच्या पिढ्या वेगळ्या. निष्कर्ष मात्र एकच निघतो, आणि तो या लेखाचे सारे म्हणणे आहे: तपासणीत डिस्क नापास झाली तर तो पुरावा भक्कम माना, पास झाली तर त्यातून फार काही सिद्ध होत नाही.

साधनांची जंत्री फार लांबवण्यात अर्थ नाही. एकेकाळी प्रत्येक कंपनीचे आपले साधन असे: आयबीएमचे आणि नंतर हिताचीचे ड्राइव्ह फिटनेस टेस्ट, मॅक्सटरचे पॉवरमॅक्स, सॅमसंगचे वेगळे, फुजित्सूचे वेगळे. कंपन्या एकमेकींत विलीन होत आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तिघीच उरल्या. सीगेटचे सीटूल्स आणि वेस्टर्न डिजिटलचे साधन वॉरंटीचा दावा करताना कामी येते. ही साधने मुख्यतः डिस्कमधलीच स्वयंतपासणी सुरू करतात. छोटी दोनेक मिनिटांत संपते, विस्तृत तपासणी सगळा पृष्ठभाग वाचते. ४ टेराबाइटच्या डिस्कला सरासरी सेकंदाला १५० मेगाबाइट धरले तरी एका फेरीला साडेसात तास लागतात.

रशियन भाषिक अभियंत्यांनी लिहिलेली एमएचडीडी आणि व्हिक्टोरिया ही साधने दुरुस्ती करणाऱ्यांची विशेष आवडती, आणि ती आवड योग्य आहे. ती प्रत्येक तुकडा वाचायला किती मिलिसेकंद लागले ते रंगीत चौकटींत दाखवतात. वाचता येतो पण पाचशे मिलिसेकंद लागतात, असा भाग अजून 'बॅड' ठरलेला नसतो. तिथे डिस्क झगडते आहे हे मात्र या साधनांत दिसते, कंपनीच्या साधनात दिसत नाही. लिनक्सवरचे बॅडब्लॉक्स चार वेगवेगळे नमुने लिहून वाचते, म्हणजे डिस्कच्या आठ फेऱ्या. ४ टेराबाइटला सुमारे अडीच दिवस. नवी मोठी डिस्क घेतल्यावर, तिच्यावर काहीही ठेवण्याआधी हा त्रास घ्यावा असे माझे ठाम मत आहे. पहिल्या आठवड्यातच मरणारी डिस्क मोकळी असतानाच मेलेली बरी.

तपासणीच काही वेळा घातक ठरते, हे फार कमी सांगितले जाते. डिस्क 'टक-टक' आवाज करत असेल, किंवा डेटा हवा आहे आणि वाचन अडखळते आहे, तेव्हा विस्तृत तपासणी, चेकडिस्कचा 'आर' पर्याय, झीरो फिल, यांतले काहीही चालवू नये. दुबळ्या हेडला सगळ्या तबकडीवरून फिरवणे म्हणजे उरलेसुरले आयुष्य तपासणीत खर्च करणे. अशा वेळी पहिले काम प्रत काढण्याचे. ग्नू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागा वगळतो, त्यांची नोंद ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परततो. आवाज येत असेल तर तेही करू नये, डिस्क बंद करून डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

सॉफ्टवेअरची एक मूलभूत मर्यादा आहे. डिस्कच्या आतला फर्मवेअर जे सांगेल तेवढेच त्याला कळते. २००८ च्या अखेरीस सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या अनेक डिस्क एके दिवशी संगणकाला दिसेनाशाच झाल्या. तबकडी, हेड, डेटा, सगळे धड होते. फर्मवेअरमधल्या नोंदींचा एक काउंटर विशिष्ट आकड्यावर असताना वीज बंद-चालू झाली की डिस्क अडकून पडे. तिच्यावर कोणतेही तपासणीचे साधन चालणे शक्य नव्हते, कारण साधनाला उत्तर देणारेच कुणी नव्हते.

खरा लो लेव्हल फॉरमॅट आज एका ठिकाणी उरला आहे: सर्व्हरच्या सॅस डिस्कमध्ये. मोठ्या स्टोरेज यंत्रणांतून निघालेल्या अशा डिस्कचे सेक्टर पुष्कळदा ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. जादा आठ बाइट यंत्रणा पडताळणीसाठी वापरते. साध्या संगणकाला त्या चालत नाहीत. लिनक्सवरच्या एसजी फॉरमॅटने सेक्टर ५१२ चे करून घेता येतात. हे काम तासन् तास चालते आणि मध्येच वीज गेली तर डिस्क 'फॉरमॅट करप्टेड' म्हणून अडून बसते, पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय याला हात घालू नये.

डिस्क विकण्याआधी पुसायची असेल तर झीरो फिलची एक फेरी पुरते. ३५ फेऱ्यांची जी पद्धत सांगितली जाते ती पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये जुन्या काळच्या वेगवेगळ्या एन्कोडिंगसाठी मांडली होती, आणि आधुनिक डिस्कवर सगळ्या ३५ फेऱ्या करण्यात अर्थ नाही हे त्यांनीच पुढे लिहिले. एसएसडीची गोष्ट निराळी. तिथे झीरो फिलने राखीव भाग पुसला जाईल याची खात्री नसते आणि झीज मात्र होते; तिच्यासाठी सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ हेच आदेश वापरावेत.

जुना माल घेणाऱ्यांसाठी २०२५ च्या सुरुवातीला एक मोठा धडा जर्मनीतून आला. तिथल्या 'हाइझे' या माध्यमसमूहाने उघड केले, की सीगेटच्या सर्व्हरसाठीच्या डिस्क काही विक्रेत्यांकडून नव्या म्हणून विकल्या जात होत्या. त्यांचा स्मार्ट तक्ता शून्यावर आणलेला होता. पण सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची दुसरी नोंद असते, ती तशीच राहिली होती आणि तीत १५ हजार ते ५० हजार तासांचा वापर दिसत होता. त्यांतल्या बऱ्याच डिस्क चिया या आभासी चलनाच्या खाणकामातून आलेल्या असाव्यात असा माग लागला. स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्त्या फार्मची नोंद वाचतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सीगेटची मोठी डिस्क स्वस्तात मिळत असेल, तर पैसे देण्याआधी किंवा परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन्ही नोंदींतले तास जुळवून पाहा.

दुरुस्ती करणाऱ्या दुकानदारांना एक विनंती आहे. गिऱ्हाइकाच्या डिस्कवर 'लो लेव्हल' चालवण्याआधी डेटाची प्रत घेतली आहे का ते विचारा, आणि कामाच्या आधीचा व नंतरचा स्मार्ट अहवाल छापून त्यांच्या हातात द्या. त्याला एक मिनिटही लागत नाही. आणि वाचकहो, तो अहवाल मागून घ्या, ५ व्या आकड्याखाली रेघ मारून ठेवा आणि महिन्याने पुन्हा तपासा.